दौलताबादच्या सीताफळांना नंबर घाला

दसऱ्याच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात गेलात तर सीताफळांचे दोन ढीग दिसतील. एक गाड्यावर. मोठी, एकसारखी, पिवळसर झाक असलेली फळं, प्रत्येकाला फोमची पांढरी जाळी. दुसरा ढीग खाली, बारदानावर नाहीतर टोपलीत. लहान-मोठी ओबडधोबड फळं, एखाद्याच्या देठाला पान तसंच राहिलेलं, एखाद्याच्या खाचेत काळपट मळ. वरच्याला गोल्डन म्हणतात, खालच्याला दौलताबाद. गिऱ्हाईक येतं, खालचं अंगठ्यानं दाबून बघतं आणि वरचं घेऊन जातं. दाबलेलं फळ संध्याकाळपर्यंत काळं पडतं, ते वेगळंच.

मी खालचं घेते. धंदाच तो आहे माझा. औरंगपुऱ्यात राहते, घरून ऑर्डरी घेते, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत लोक माझ्याकडे सीताफळाच्या बासुंदीशिवाय फारसं काही मागत नाहीत. तेव्हा या फळाबद्दल मी जे लिहिणार त्यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणणं मात्र साधं आहे. दौलताबाद, खुलताबाद, सुलीभंजनच्या डोंगरउतारांवर सीताफळाची जी जुनी झाडं आहेत, कुणी न लावलेली, बी पडून आपोआप उगवलेली, त्यातली चांगली झाडं कोणती हे आज फळं तोडणाऱ्या बायकांखेरीज कुणाला धड सांगता येत नाही. ती झाडं शोधा, त्यांना नंबर घाला आणि त्यांची कलमं शहरातल्या हिमायत बागेत लावून ठेवा. उशीर केला तर शोधायला काही उरणार नाही.

आधी फळाविषयी. शहरातल्या बऱ्याच जणांनी ते नीट पिकलेलं खाल्लेलंच नसतं, म्हणून जरा सविस्तर.

दौलताबादचं फळ मुठीत मावतं. डोळे ठळक, वर उठलेले, मधल्या खाचा खोल. फळ कोवळं असताना या खाचा हिरव्याच असतात. तयार झालं की डोळे एकमेकांपासून लांब सरकतात आणि मधली जागा दुधी-पिवळी दिसू लागते. याला डोळे उघडले असं म्हणतात. डोळे उघडायच्या आधी तोडलेलं फळ आढीत घाला, नाहीतर गव्हात पुरा, ते पिकत नाही. कडकच राहतं आणि काळं पडतं. डोळे उघडल्यावर झाडावर ठेवावं तर ते तिथेच तडकतं, मग ते पाखरांचं, खारींचं आणि मुंग्यांचं. मधले मोजके दिवस काय ते माणसाचे. तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकतं, आणि पिकल्यावर एक दिवस राहतं. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका. हे उष्ण हवेतलं फळ, बारा-तेरा अंशांच्या खालची थंडी त्याला सोसत नाही. साल काळी पडते आणि पिकण्याची क्रियाच बिघडते. आपल्याकडची कितीतरी सीताफळं अशी घरच्या फ्रीजमध्ये वाया जातात आणि दोष फळाला जातो.

पिकलेलं फळ चिरायचं नसतं. दोन्ही अंगठे देठाशी लावून हलकं दाबलं की ते डोळ्याडोळ्यानं सुटतं. प्रत्येक डोळ्याखाली गराची एक पाकळी आणि पाकळीत, असली तर, एक काळी चकचकीत बी. कारण सीताफळ हे एक फळ दिसलं तरी ते एका फुलातल्या अनेक बीजकोशांचं मिळून झालेलं असतं. ज्या कोशाला पराग मिळाला तो भरतो, ज्याला नाही मिळाला तो तसाच राहतो. वाकडं, एका बाजूनं बसकं सीताफळ रोगट नसतं. त्या बाजूला पराग कमी पोचले, एवढंच. बाजारात अशी वाकडी फळं स्वस्तात मिळतात. मी ती आवर्जून घेते. बासुंदीत आकार दिसत नाही.

सालीलगतचा गर रवाळ असतो. खाताना दाताखाली साखर आल्यासारखं वाटतं, पण ती साखर नव्हे. कठीण कवचाच्या पेशींचे ते पुंजके असतात, नासपतीत असतात तसलेच. काही लोकांना हा रवा आवडत नाही, ते मधलाच गर खातात. मला विचाराल तर दौलताबादच्या फळाची अर्धी मजा त्या रव्यात आहे.

आता स्वयंपाकघरात या. गर काढायला मिक्सर लावायचा नाही. बी फुटली की गर कडू होतो आणि बी विषारीही असते. मोठ्या भोकांच्या चाळणीत गर घेऊन हातानं फिरवत बसायचं, बिया वर राहतात, गर खाली उतरतो. किलोभर फळांतून साल आणि बिया गेल्या की हाती येतो तो गर पाहून नवी मदतनीस मुलगी दरवर्षी माझ्या तोंडाकडे बघते. हवा लागली की हा गर आधी गुलाबी, मग तपकिरी पडायला लागतो, म्हणून निघेल तसा लगेच झाकून थंड जागी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला विस्तव दाखवायचा नाही. साधारण पासष्ट अंशांच्या वर तापला की सीताफळाचा गर कडवट होतो. दूध आटवून, साखर घालून, पूर्ण गार करून मग त्यात गर मिसळायचा. आंब्याचा रस आटवता येतो, पेरूची जेली करता येते, बोरं वाळवता येतात. सीताफळाचं असलं काहीच होत नाही. ते ताजं खायचं, नाहीतर गोठवायचं. पुढे मी जे मागणार आहे त्याचं मूळ याच अडचणीत आहे.

गोल्डनचा गर काढायला सुख असतं. फळ मोठं, बिया कमी, गर भरपूर आणि गुळगुळीत. निम्म्या वेळात काम होतं. पण आटवलेल्या दुधात घातला की तो दुधात हरवतो. गोड लागतं, छान लागतं, पण डोळे मिटून खाणाऱ्याला हे सीताफळच आहे असं छातीठोक सांगता येत नाही. दौलताबादचा वास दुधाला पुरून उरतो. हे माझं मत झालं, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. पण माझी जुनी गिऱ्हाइकं वाटी तोंडाला लावताच फरक ओळखतात आणि फोन करून विचारतात, यंदा कुठलं घातलंत म्हणून.

बाजारात "दौलताबाद" म्हणून जे विकलं जातं ती एक जात नाही, ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. ते एका डोंगराचं नाव आहे. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर ओलांडून किल्ल्याकडे निघालात की हंगामात रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात. त्यातल्या एका मावशींकडून मी फळं घेते. टोपलीत हात घातलेला त्यांना खपत नाही. "तुम्ही नका चिवडू ताई, मी देते की निवडून." मग एकेक फळ उचलून सांगत जातात. "ह्ये कड्याखालचं हाय, बी कमी याला. ह्ये बांधावरचं, लई गोड, पर उद्यापस्तोर ऱ्हात न्हाई. अन् ह्ये लालसर दिसतंय का, ह्ये एकाच झाडाला येतं, तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय." एका टोपलीत चार-पाच झाडं. त्यांना प्रत्येक झाड ठाऊक आहे, त्याचा स्वभाव ठाऊक आहे, आणि हे ज्ञान त्यांच्या सुनेकडे जाईल असं त्यांना स्वतःलाच वाटत नाही. सून वाळूजला कंपनीत जाते.

बियांपासून आलेलं प्रत्येक झाड आईबापांपेक्षा थोडं वेगळं निघतं. सफरचंदात हे टोकाला जातं: गोड सफरचंदाची बी पेराल तर बहुतेक वेळा आंबट-तुरट काहीतरी उगवतं, आणि लाखात एखादं सोनं निघतं. इंग्लंडमधल्या साउथवेल गावात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं सफरचंदाच्या काही बिया पेरल्या. त्यातलं एक झाड असं निघालं की आज इंग्लंडात शिजवायचं सफरचंद म्हटलं की तेच. त्या झाडाची कलमं न्यायला नर्सरीवाला आला तेव्हा घराचा मालक बदललेला होता. तो होता मॅथ्यू ब्रॅम्ली नावाचा कसाई. तो म्हणाला, कलमं खुशाल न्या, पण नाव माझं द्या. म्हणून ते सफरचंद ब्रॅम्ली. बी मुलीनं पेरली, नाव कसायाचं झालं. पण निदान झाड राहिलं, कलमं राहिली, आणि दोनशे वर्षांनंतरही कुणी पेरलं होतं ते लोकांना सांगता येतं. तिथल्या केंट परगण्यात ब्रॉगडेल इथं राष्ट्रीय फळसंग्रह आहे. त्यात दोन हजारांवर जातींची सफरचंदं जपलेली आहेत. त्यातली कित्येक बाजारात कुणी विकत नाही. सुरकुतलेली, खडबडीत सालीची, बोराएवढी. तरी ठेवली आहेत, कारण पुढे एखादा रोग आला, हवा बदलली, तर उत्तर कुठल्या झाडात दडलं असेल हे आज सांगता येत नाही.

सीताफळात फरक सफरचंदाइतका टोकाचा नसतो, पण असतो. आपल्या डोंगरावर अशी नुसती बियांची झाडं आहेत आणि त्यांची निवड आजवर केली ती फक्त मावशींच्या जिभेनं.

हे फळ इथं आलं कधी, यावर विद्वानांचं भांडण जुनं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ बहुतेक सगळे सांगतात की सीताफळ मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते इकडे आलं. अलेक्झांडर कनिंगहॅमनं मात्र १८७९ साली भारहुतच्या स्तूपावरच्या पुस्तकात तिथल्या शिल्पांतलं एक फळ सीताफळच आहे असं मांडलं. अजिंठ्याच्या छतांवरच्या चित्रांतही लोकांना सीताफळ दिसतं. अजिंठ्याला गेलात की मान वर करून तुम्हीच ठरवा. मला कधी ते सीताफळ वाटतं, कधी फणसाचं पिल्लू. २००९ साली उत्तर प्रदेशातल्या उत्खननात सीताफळाच्या जळालेल्या बिया मिळाल्याचा निबंध आला, त्यावरून वाद पुन्हा पेटला. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेत आला होता; इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं त्यानं लिहून ठेवलं आहे. एवढं खरं की या डोंगराची फळांशी गाठ जुनी आहे. सीताफळ पाचशे वर्षांचं असो की दोन हजार, इथल्या मुरमात ते स्वतःच्या हिमतीवर उभं आहे.

आणि ही हिंमत कुठून येते तेही पाहण्यासारखं आहे. शेळी ज्या डोंगरावर चरते तिथं झाड वाढत नाही, हे प्रत्येक गावकऱ्याला माहीत आहे. सीताफळाचा पाला मात्र शेळी खात नाही. पाला, साल, बी, सगळ्यात कीटकांना आणि जनावरांना न मानवणारी द्रव्यं आहेत. म्हणून तर सेंद्रिय शेती करणारे दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला घालतात, आणि जनावराच्या जखमेत किडे पडले की जुनी माणसं हाच पाला वाटून लावायची. बियांची पूड उवांवर लावण्याची जुनी पद्धतही आहे. ती कृपा करून कुणी करू नये. डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. उन्हाळ्यात झाड पानं गाळून काटक्या होऊन उभं राहतं, मृगाचा पाऊस पडला की पालवी आणि कळी बरोबरच धरतं, आणि दसऱ्याला फळ देतं. पाणी कुणी घालत नाही, खत कुणी देत नाही. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षी टँकर आणून मोसंबीच्या बागा जगवल्या गेल्या, तरी बऱ्याच तोडाव्या लागल्या. डोंगरावरच्या सीताफळाला कधी टँकर लागला नाही.

त्याचं एक दुखणं आहे, ते फुलाचं. एकाच फुलात स्त्रीभाग आणि परागभाग असतात, पण ते एका वेळी तयार होत नाहीत. आधी फूल अर्धवट उघडतं तेव्हा स्त्रीभाग तयार असतो. पूर्ण उघडून पराग सुटतो तोवर स्त्रीभाग सुकलेला. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी नेला तरच फळ. हे काम मधमाशी फारसं करत नाही, बारीक भुंगेरे करतात, आणि ते वाढतात जमिनीवर सडणाऱ्या फळांत, पाल्यापाचोळ्यात. म्हणून डोंगरावरचं गवत उन्हाळ्यात पेटवून दिलं की झाडं वाचली तरी फळ कमी धरतं. झाड वाचवायचं तर त्याच्या पायाशी असलेला केरकचराही वाचवावा लागतो. झाडाभोवती ओटा बांधून रंग देणाऱ्या सुशोभीकरणवाल्यांना हे कोण सांगणार?

आता गोल्डनची बाजू. सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ मल्हारी कसपटे यांनी हे वाण शोधलं, वाढवलं, एन.एम.के.-१ हे त्याचं नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून. एका शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेत डोळस निवड करून एवढं मोठं काम केलं, त्याला माझा हात जोडून नमस्कार. हे फळ तोडल्यावर जास्त दिवस राहतं, दूरच्या बाजाराला जातं, आणि गावठी संपल्यावरही येत राहतं, म्हणून भाव मिळतो. शेतकऱ्यानं ते लावू नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? नोव्हेंबरनंतर माझ्या घरीही तेच येतं. त्याच्याआधी बालानगर हे वाण होतं, तेही चांगलं. माझी तक्रार गोल्डनबद्दल नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक बागेत एकाच झाडाची कलमं उभी राहिली आणि डोंगर सपाट झाला, तर उद्याचं गोल्डन कशातून निवडायचं, हा प्रश्न आहे. कसपट्यांना निवडायला निरनिराळी झाडं होती म्हणून गोल्डन निघालं.

डोंगर सपाट होतो आहे. वेरूळच्या रस्त्यावर ढाबे, रिसॉर्ट, फार्महाउसचे प्लॉट. जेसीबी आली की आधी उतारावरची झुडपं जातात, कारण सीताफळाला झाड म्हणून कुणी मोजतच नाही. वड पाडला तर निदान पेपरात फोटो येतो. मी ज्या मावशींचं सांगितलं, त्यांचं ते लालसर फळांचं झाड एका प्लॉटच्या कुंपणात गेलं आहे. सध्या रखवालदार ओळखीचा आहे म्हणून तोडू देतो.

शेजारच्या बीडनं काय केलं ते पाहा. बालाघाटच्या डोंगरावर, धारूर, आष्टी, पाटोदा, अंबाजोगाईकडे सीताफळ असंच रानोमाळ आहे. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. धारूर भागातल्या झाडांतून निवड करून 'धारूर-६' हे वाण काढलं गेलं. झाडाला नंबर घातला म्हणून ते सहा. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्यालाही. मानांकनाच्या यादीत मी दौलताबादचं सीताफळ शोधलं. नाही.

विद्यापीठाला हे काम नवं नाही. आपल्या शहरातच, दिल्ली दरवाजाजवळ, मोगलांच्या काळापासूनची हिमायत बाग आहे, आणि तिथं याच विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. चिंचेचं 'प्रतिष्ठान' हे वाण इथलंच. अंजिराचं 'दिनकर' हे विद्यापीठाचं वाण दौलताबादच्या अंजिरातून निवडून काढलेलं. म्हणजे दौलताबादच्या डोंगरानं अंजीर दिलं ते घेतलं, आणि सीताफळ मात्र रस्त्यावर टोपलीत ठेवलं. हिमायत बागेत जुनी आंब्याची झाडं बघायला लोक जातात, शाळेच्या सहली जातात. त्यातल्या एका कोपऱ्यात दौलताबाद-खुलताबादच्या निवडक सीताफळांची दहा-दहा कलमं लावायला कितीशी जागा लागते? आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पाटीवर झाड कुठलं, कुणी दाखवलं, हे लिहा. कसायाचं नाव नको, मावशींचं लिहा. पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ पासून आहे. त्यात शेतकऱ्यांना, गावांना आपलं वाण नोंदवता येतं. त्या बायकांना हा कायदा कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगितला पाहिजे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: गावठी सीताफळाला भाव नाही, टिकत नाही, कोण लावणार? खरं आहे. टिकत नाही म्हणून ते मुंबईला जात नाही, मुंबईला जात नाही म्हणून भाव नाही. पण मुंबईत १९८४ साली जुहूला रघुनंदन कामतांनी आइस्क्रीमचं दुकान काढलं, त्यात पहिल्या मोजक्या चवींमध्ये सीताफळ होतं, आणि चाळीस वर्षांनंतरही लोक तेच मागतात. सीताफळाला गिऱ्हाईक आहे, ते गराला आहे. गर काढून उणे अठरा-वीस अंशांवर गोठवला की वर्षभर वापरता येतो. त्याला शिजवण्याचा कारखाना लागत नाही, बॉयलर लागत नाही. स्वच्छ खोली, चाळण्या, बायकांचे हात, आणि चोवीस तास वीज असलेलं शीतगृह. शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सगळं दौलताबादेत आजही आहे. डोळे उघडलेलं फळ सकाळी तोडलं, पिकवलं, चौथ्या दिवशी गर काढून गोठवला, तर त्याला जाळीची, खोक्याची, टिकण्याची गरजच काय? मग लहान फळ, वाकडं फळ, उद्यापर्यंत न राहणारं सगळ्यात गोड फळ, सगळ्यांना एकच भाव.

मानांकन मागायचं असेल तर तेही या कामाच्या नंतर मागावं. नुसता शिक्का मिळून तोडणाऱ्या बाईच्या टोपलीत काही पडत नाही. मानांकनाच्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती नोंद व्यापाऱ्यांची झाली आणि बायकांची नाही झाली, तर दौलताबादचं नाव खोक्यावर येईल आणि आत कुठलंही सीताफळ असेल.

वाचकांनाही एक काम आहे. वेरूळला जाता-येता रस्त्याकडेच्या टोपलीतलं फळ घ्या. दाबू नका, डोळे बघा. आणि झाड कुठलं ते विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की विकणारी झाडं वेगळी ठेवायला लागते, हे मी माझ्या मावशींकडे पाहिलं आहे.

विद्यापीठाला आणि कृषी खात्याला वेळापत्रक सांगायची माझी पात्रता नाही, पण झाडाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. कलमासाठी काडी घ्यायची ती पानगळ झाल्यावर, नवी पालवी फुटायच्या आधी. त्या वेळी डोंगरावर सगळी झाडं सारखीच, नुसत्या काटक्या. गोड कुठलं नि कमी बियांचं कुठलं ते ओळखू येत नाही. म्हणजे मावशींना बरोबर घेऊन झाडांना नंबर घालायचं काम फळ झाडावर असतानाच, दसरा ते दिवाळी या दिवसांतच उरकावं लागेल.